अकरावा रेडिएटर

"ही खोली कुणाची?" आबांनी विचारलं.

ते जमिनीवर उकिडवे बसले होते. समोर उरलेल्या वॉलपेपरच्या पाठीवर काढलेला आमच्या घराचा नकाशा, चारी कोपऱ्यांवर रंगाचे डबे. नकाशा मी काढला होता. त्यावर दहा चौकोन होते, दहा रेडिएटर. आबांचं बोट मागच्या बाजूच्या, चौकोन नसलेल्या एका खोलीवर होतं.

"ती मागची लहान खोली, आबा. तुम्ही झोपता ती."

"मग हितं न्हाई व्हय रेडिएटर?"

"नंतर बघू. आधी मोठ्या खोल्या होऊ देत."

आबांनी पेन्सिल कानावर ठेवली. "बरं," म्हणाले, आणि बोट पुढच्या खोलीवर सरकवलं.

हे २००४ सालच्या ऑक्टोबरातलं. इंग्लंडच्या उत्तरेला हॅलिफॅक्स नावाच्या गावात आम्ही एक जुनं दगडी घर घेतलं होतं. स्वस्तात मिळालं म्हणून मी खूश, आणि का स्वस्तात मिळालं ते रोज कळत होतं. खिडक्या खडखडायच्या, जमिनी उखडलेल्या, आणि साऱ्या घराला ऊब म्हणून खालच्या खोलीत एक गॅसची शेगडी. तिकडे बहुतेक घरांत एक बॉयलर असतो, त्यात तापलेलं पाणी तांब्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतं आणि भिंतीवरचे रेडिएटर तापवतं. आमच्या घराला ते बसवायचं होतं. कामाचा माणूस विचारला, तर त्याने जानेवारीनंतरची तारीख दिली. मी फोन ठेवला तेव्हा आबा मटार सोलत होते.

"काय म्हणला?"

"जानेवारीनंतर."

"मग आपण करू की. मी काय मेलोय व्हय?"

आबा म्हणजे माझे वडील, यशवंत तोडकर. पंचगंगेकाठच्या एका साखर कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर अटेंडंट होते. तीन मजली बॉयलर सांभाळलेला माणूस, त्यांना आमचा हा भिंतीवर टांगायचा डबा म्हणजे पोराचं खेळणंच. मी एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणारा. हातात पाना धरला की तो मलाच वळवायचा.

ते ऑगस्टमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि गावात ते एकटे स्टोव्हवर भात शिजवून खात होते. त्यांना आमच्याकडे कायमचं राहायचं होतं. तोंडाने एकदाही म्हणाले नाहीत, पण येताना आईचा फोटो आणि पुस्तकं घेऊन आले होते, आणि सहा महिन्यांसाठी येणारा माणूस पुस्तकं आणत नाही. कायमच्या वास्तव्याचा अर्ज मी आणून ठेवला होता. घर दोघांच्या नावावर, म्हणून वकिलाने माझी आणि मृणालची, दोघांची सही मागितली होती. दोन्ही सह्या व्हायच्या होत्या.

मृणाल, माझी बायको, मूळची पुण्याची. तिकडे औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. आमची ईशा चार वर्षांची. आबा तिला दुपारी नर्सरीतून आणायचे, जेवू घालायचे आणि संध्याकाळपर्यंत सांभाळायचे. मी सगळ्यांना सांगायचो की मृणालला सासरा घरात नको असणार. मित्रांना सांगायचो, गावाकडच्या बहिणीला फोनवर सांगायचो. मृणालला मात्र मी कधी विचारलं नव्हतं. नको होते ते मला. त्यांचं खाकरणं, माझ्या पाहुण्यांसमोर धोतर सावरत जिन्यावरून उतरणं, मी विकत आणलेल्या प्रत्येक वस्तूला हात लावून "हलकं हाय" म्हणणं. हे कुठल्या तोंडाने बोलणार? म्हणून मी दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली होती.

काम नोव्हेंबरात सुरू झालं. गॅसचं काम तिकडे लायसनवाल्यानेच करायचं असतं, ते सोडून बाकी सगळं आमचं. आबांनी प्रत्येक खोली पावलांनी मोजली, खिडकीचा दगड हाताने चाचपला, वारा कुठून येतो ते ओल्या बोटाने पाहिलं. मी कॉम्प्युटरवर आकडे काढले होते. दोन खोल्यांत माझे आकडे चुकीचे निघाले. त्याबद्दल आबा काही बोलले नाहीत, नकाशावरचा चौकोन खोडून मोठा केला एवढंच.

नळ्या जोडायच्या पद्धतीत आग नको होती, कारण सगळीकडे जुनं लाकूड. नट आणि आत पितळेची कडी. नट हाताने फिरवून बसवायचा, मग पान्याने सव्वा वेढा आवळायचा. तो सव्वा वेढा झाला की कडी नळीला चावते आणि पाणी अडतं. हाताने बसवलेला नट दिसायला तसाच दिसतो.

"हे बघ," आबा पहिल्याच दिवशी म्हणाले. "जोड आवळला की त्येच्यावर खूण करायची. ज्येनं आवळला त्येनंच. कारखान्यात हरेक फिटरची खूण येगळी. माझी दोन रेघा. तुझी काय?"

"ठिपका."

"ठिपका तर ठिपका. आन् दुसऱ्याची खूण असलेल्या जोडाला आपण पाना लावायचा न्हाई."

"का? तपासायला नको?"

"तपासलं तर त्यो म्हणंल, माझ्यावर इस्वास न्हाई व्हय तुझा. एकदा सदाशिव जाधवाच्या जोडाला मी पाना लावला, तर सदाशिव महिनाभर माझ्या डब्यातलं जेवला न्हाई."

खुणेसाठी मृणालची नखं रंगवायची लाल बाटली घेतली. ती हसली, म्हणाली, "माझी बाटली संपवू नका हं आबा." तीन आठवडे संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी आम्ही दोघे उघड्या फळ्यांमध्ये गुडघ्यांवर रांगत होतो. लहानपणी आबा कधी भेटलेच नव्हते. कारखान्यातली पाळी, झोप, परत पाळी. त्या तीन आठवड्यांत ते जेवढं बोलले तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत बोलले नसतील. मला आवडलं ते. हेही खरं आहे, आणि म्हणूनच पुढचं जास्त वाईट.

दहा रेडिएटर बसले. आबांनी बाजारातून एक हातपंप आणला, नळ्यांत पाणी भरून दाब चढवला आणि चोवीस तास तसाच ठेवला. काटा तसूभर हलला नाही. आबांनी त्या दिवशी स्वतःहून शिरा केला.

शिरा खाता खाता मृणाल म्हणाली, "पण आबांच्या खोलीत का नाही?"

मी शिऱ्यातला बेदाणा चमच्याने बाजूला करत राहिलो.

"अरे, ती खोली उत्तरेकडे आहे. सगळ्यात गार खोली ती. विजेच्या शेगडीवर किती दिवस काढायचे त्यांनी? नकाशात राहून गेली का?"

"राहून गेली असंल," आबा म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

"मग घ्या की आत्ताच. ते राहणार आहेत ना इथे?"

म्हणजे बायकोच्या नावाने मी उभी केलेली भिंत बायकोनेच पाडली. मला तिचा राग आला. आजही आठवलं की त्या रागाची लाज वाटते.

गॅसवाला माणूस, कॉलिन, परवा येणार होता. मध्ये एकच दिवस. आबांना नेमका ताप भरला, मृणाल दिवसभर दुकानात. पाणी उपसून, मागच्या खोलीच्या फळ्या उचलून, अकराव्या रेडिएटरच्या नळ्या मी एकट्याने जोडल्या. खाली बरोबर मृणालचं नवं स्वयंपाकघर होतं. आठ जोड होते. सात आवळले. आठवा हाताने बसवला आणि ऑफिसातून फोन आला. वीस मिनिटं बोललो. परत आलो तेव्हा पाना पलीकडच्या खोलीत राहिला होता, गुडघे दुखत होते, आणि बाटली हाताशी होती. मी ठिपका दिला आणि फळी बसवली.

विसरलो होतो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. विसरलो नव्हतो. ठिपका देताना मला माहीत होतं की ह्याला अजून पाना लागायचाय. म्हटलं, आबांचीच तर खोली आहे, नंतर बघू.

आबा गोधडी पांघरून दारात आले. "झालं?"

"झालं."

"समदे आवळलेस?"

"आवळले."

"पंप लावून बघू या का? उद्या त्या मानसाला दुपारी बोलव."

"आबा, तो एकदा गेला की गेला. आठच जोड आहेत, सगळ्यांवर खूण केलीय."

खूण म्हटल्यावर आबांनी पंपाचा विषय सोडला. फळीवर पाय ठेवून बघितला आणि झोपायला गेले.

कॉलिनने बॉयलर बसवला. कारखान्यात हंगामाच्या सुरुवातीला बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. पूजेला कुठला तरी संचालक जोडीने बसतो आणि एकतीस वर्षं आग सांभाळणारा अटेंडंट मागे उभा राहतो. आबांनी मला आणि मृणालला जोडीने बॉयलरसमोर उभं केलं, हळदकुंकू लावलं, दाराच्या पायरीवर नारळ फोडला. बटण मृणालने दाबलं. कॉलिनला खोबरं दिलं तर त्याने ते नाकाला लावून बघितलं आणि खिशात टाकलं. तासाभरात सगळं घर ऊबदार झालं. आबा खोल्याखोल्यांतून फिरत प्रत्येक रेडिएटरला हाताच्या पाठीने शिवत होते. स्वतःच्या खोलीत ते जरा जास्त वेळ थांबले.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दाबाचा काटा उतरतोय रं."

"नवीन आहे. हवा निघत असेल." मी नळ फिरवून पाणी वाढवलं.

तिसऱ्या दिवशी परत. "हवा एवढी न्हाई निघत. दिसत्यात ते समदे जोड मी बघितले, कोरडं हाईत. माझ्या खोलीतली फळी उचलू या."

"त्या जोडांवर माझी खूण आहे, आबा."

एवढं म्हणालो आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांचाच नियम मी त्यांच्यासमोर आडवा घातला होता. ते म्हणाले, "बरं," आणि खाली ईशाला गोष्ट सांगायला गेले.

पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, स्वयंपाकघराचं छत खाली आलं. सगळं नाही, टेबलावरचं तेवढं. गरम पाणी, प्लास्टर, आणि लाकडाच्या पट्ट्या. ईशा त्याच टेबलावर दूध पिऊन पाचच मिनिटांपूर्वी उठली होती. तिचा पेला पट्टीखाली फुटून पडला होता. मृणाल किंचाळली नाही. तिने ईशाला उचललं आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली, अनवाणी.

कॉलिन तासाभरात आला. पाणी बंद केलं, वर गेला, फळी उचलली. आम्ही तिघे दारात उभे. ईशा शेजारणीकडे होती. त्याने आत हात घातला, नट दोन बोटांनी धरला आणि फिरवला. दोन बोटांनी. मग बॅटरीचा उजेड पाडला.

"याला पाना लागलेलाच नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "आणि वर लाल ठिपका आहे. हे कुणी केलं?"

आबांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण बोटांनी फिरणारा नट कळायला भाषा लागत नाही.

मृणालने मागे वळून विचारलं, "ठिपका कुणाचा?"

बोलायचं होतं की नव्हतं, हे आजही मला शपथेवर सांगता येणार नाही. मी नुसताच त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. तेवढ्यात आबा म्हणाले, "माझा."

"तुमचा, आबा?"

"व्हय. ताप हुता. ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बराच वेळ बघितलं. मी कॉलिनला विचारलं की बाकीचे जोड ठीक आहेत का.

"ईशा तिथं बसली होती," मृणाल म्हणाली.

"व्हय. चुकलंच माझं, सूनबाई."

तो दिवस गेला, दुसरा गेला. आबांनी एकट्याने छताची घाण भरली, टेबल घासलं, प्रत्येक कपाट पुसलं. जेवताना मृणाल त्यांना वाढत होती, पण ईशाला मांडीवर घेऊन जेवत होती. सोमवारपासून तिने दुपारी दुकानातून लवकर यायला सुरुवात केली. आबा नर्सरीला जायला निघाले तर म्हणाली, "राहू द्या आबा, मी जाते." त्यांनी पायातले बूट काढून ठेवले.

बुधवारी तिने अर्ज माझ्यासमोर ठेवला. तिच्या सहीची जागा कोरी होती.

"मी रागावून बोलत नाहीये," ती म्हणाली. "मला आबा आवडतात. पण त्यांना आठवत नाही आता काय केलं आणि काय राहिलं. मी दिवसभर दुकानात, तू ऑफिसात. आणि पोर त्यांच्यापाशी. उद्या गॅस उघडा राहिला तर? तू सांग, करू मी सही? तू म्हणालास तर करते."

एक वाक्य पुरलं असतं. 'आठवा जोड माझा होता.' छताची, टेबलाची, सगळ्या गोष्टींची फेड त्या वाक्यात होती. फार तर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नसती.

"तुला पटत नसेल तर नको," मी म्हणालो.

तिने अर्ज घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. ती रडत होती. मी तिची समजूत घातली, म्हटलं, म्हातारपण कुणाला चुकलंय. एवढा निर्लज्ज मी आधीही नव्हतो आणि नंतरही झालो नाही.

जानेवारीच्या शेवटी आबांना सोडायला मँचेस्टरच्या विमानतळावर मी एकटाच गेलो. सामान दिलं. आत जायला अर्धा तास होता. बाकावर बसलो. ते कानटोपी घालून समोरच्या काचेकडे बघत होते.

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही तसं का बोललात त्या दिवशी?"

"तुझं तोंड बघितलं म्हणून."

"मी बोलणार होतो."

"मला बी वाटलं, आता बोलतोस. म्हणून तर तुझ्याकडं बघितलं." त्यांनी कानटोपी सारखी केली. "मग वाटलं, त्यो गोरा गेल्यावर बोलतोस. मग वाटलं, दोघं एकली असताना सांगशील. रोज सकाळी सूनबाईच्या तोंडाकडं बघायचो, सांगितलं का न्हाई ते कळायला. हितं येस्तवर गाडीत बी वाटत हुतं."

"मी आज घरी गेल्यावर सांगतो तिला."

"नगं."

"का?"

"आता सांगितलंस तर तुझी बायको तुला कधी खरं मानायची न्हाई. आन् ती मला परत बोलवंल. भली हाय ती."

"मग या की, आबा."

आबा पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "मी कुणाच्यात राहायला येऊ?" ते म्हणाले, आणि पिशवी उचलून रांगेत जाऊन उभे राहिले. मागे वळून बघितलं नाही. मी काचेपर्यंत गेलो होतो.

परत येताना गाडीत मला पहिल्यांदा काय वाटलं, ते सांगून टाकतो. हायसं वाटलं. आता घरात खाकरण्याचा आवाज नसेल असं वाटलं. रडू बऱ्याच वेळाने आलं, घराच्या वळणावर, आणि ते मी गाडीतच आवरलं.

आबा पुढे चार वर्षं जगले. दर रविवारी मी फोन करायचो. ते पिकापाण्याचं, पावसाचं सांगायचे, ईशाला फोन द्यायला सांगायचे. मला कधी काही विचारलं नाही. गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ईशा आता डॉक्टर होते आहे. मागच्या दिवाळीला तिने विचारलं, आबा आपल्याकडे का राहिले नाहीत. मृणालने तिला त्यांच्या गोष्टी, त्यांचा शिरा, पायरीवरचा नारळ, सगळं मनापासून सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "शेवटी शेवटी त्यांचा हात चालत नव्हता गं, आणि लक्षातही राहत नव्हतं काही. तुझ्या बाबाला फार वाईट वाटलं होतं. हो ना रे?"

"हो," मी म्हणालो.